वाचक विचारतात: त्या मिरवणुकीत कोण कोण नव्हतं?

मागच्या अंकात आपण अमेरिकेच्या यादवी युद्धावर, म्हणजे देशातून फुटून निघालेली गुलामगिरीवाली दक्षिण आणि उत्तरेचं सरकार यांच्यातल्या युद्धावर, एक छोटं टिपण छापलं होतं, त्यात शेवटी एक ओळ होती की युद्ध संपल्यावर वॉशिंग्टनमध्ये दोन दिवस सैन्याची परेड चालली. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की या वेळी सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न: माझी मुलगी वॉशिंग्टनजवळ राहते, मी दोनदा जाऊन आले, पेन्सिल्वेनिया अ‍ॅव्हेन्यूवर नातवासोबत चाललेसुद्धा, पण या परेडबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. मला एक कळत नाही, परक्या शत्रूला हरवलं तर मिरवणूक काढतात हे ठीक, पण आपल्याच देशातल्या माणसांना हरवल्यावर वाजतगाजत मिरवणूक कशी काढवते? आणि नक्की काय काय झालं त्या दोन दिवसांत, सविस्तर सांगाल का? (एक निवृत्त शिक्षिका, अकोला)

बाई, तुमच्या प्रश्नातला पहिला भाग तेव्हाच्या लोकांच्या मनातही होता. आपण "यादवी" म्हणतो तो शब्दच बघा ना, प्रभासच्या किनाऱ्यावर यादवांनी एकमेकांना मारलं आणि कूळ संपलं, तिथे कोण जिंकलं असं कुणी विचारतच नाही. अमेरिकेत चार वर्षांत किमान ६ लाख २० हजार सैनिक मेले, अलीकडचे अभ्यासक तर आकडा याहून बराच मोठा धरतात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त गोळीने नाही, हगवण, टायफॉइड असल्या आजारांनी गेले. घराघरात सुतक होतं. वर ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा जनरल ली शरण आला आणि पाचच दिवसांनी, १४ तारखेला रात्री, नाटक बघताना राष्ट्राध्यक्ष लिंकनला गोळी घातली, दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. सगळं वॉशिंग्टन काळ्या कापडात गुंडाळलेलं. म्हणजे ही परेड नुसत्या आनंदाची नव्हती, महिनाभर शोकात बसलेल्या शहराने पहिल्यांदा डोकं वर काढलं होतं. व्हाइट हाउसवरचा झेंडा लिंकन गेल्यापासून अर्ध्यावर होता, तो २३ मे च्या सकाळी परत पूर्ण वर चढवला.

आता काय झालं ते. पहिला दिवस, मंगळवार २३ मे, उत्तरेच्या जनरल मीडच्या आर्मी ऑफ द पोटोमॅकचा. हे सैन्य वॉशिंग्टनचं घरचंच म्हणा, चार वर्षं याच शहराचं रक्षण करत आणि शेजारच्या व्हर्जिनियात मार खात आणि देत लढलेलं. आधी पाऊस पडून गेला होता त्यामुळे धूळ बसलेली, ऊन स्वच्छ. सकाळी नऊला तोफ झाली आणि कॅपिटॉलपासून व्हाइट हाउसकडे रांग सुटली, आधी घोडदळ, मग तोफखाना, पायदळ, साधारण ८० हजार माणसं, जवळजवळ सहा तास. नुसतं घोडदळ पुढून जायलाच तासाच्या वर लागला. कॅपिटॉलपाशी शाळेची मुलं गाणी म्हणत फुलं टाकत होती, आणि तिथे एक मोठा फलक लावला होता, की देशाला कधीच फेडता येणार नाही असं एकच कर्ज आहे, ते विजयी सैनिकांचं. हा फलक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी उत्तरेच्याच जनरल शर्मनचं सैन्य, ६५ हजार. मला स्वतःला हा दुसरा दिवस जास्त खरा वाटतो. ही पश्चिमेकडची, म्हणजे ओहायो, इलिनॉय, आयोवाकडची शेतकऱ्यांची पोरं, अटलांटापासून समुद्रापर्यंत आणि तिथून दोन्ही कॅरोलायना पायी तुडवत आलेली, कपडे विटलेले, बऱ्याच जणांचे बूट झिजलेले. पूर्वेकडच्या चकाचक पलटणींपुढे आपली पोरं गबाळी दिसतील याची शर्मनला खरंच धास्ती होती. तो बरोबर जनरल हॉवर्डला घेऊन पुढे घोड्यावर होता, हॉवर्डचा उजवा हात युद्धात गेलेला, आणि ट्रेझरीच्या इमारतीपाशी चढावर आल्यावर शर्मनने पहिल्यांदा मागे वळून बघितलं. त्याने पुढे आठवणींत लिहून ठेवलंय की बंदुकांची सगळी रांग पोलादाच्या एकाच घट्ट तुकड्यासारखी, लंबकाच्या ठेक्यात हलत होती. एवढा कडक माणूस, पण ते वाचताना त्याचा ऊर भरून आलेला कळतो.

पुढे लाफायेट चौकात परराष्ट्रमंत्री सुअर्ड एका वरच्या खिडकीत बसवलेला होता. लिंकनवर गोळी झाडली त्याच रात्री त्याच्यावर घरात घुसून चाकूने वार झाले होते, चेहऱ्याला अजून पट्ट्या होत्या. शर्मनने घोडा तिकडे वळवून टोपी काढली, सुअर्डने खिडकीतून परत नमस्कार केला.

आणि मग मांडवात गेल्यावर जे झालं ते सगळ्या शहराने पाहिलं. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन, उत्तरेचा सरसेनापती ग्रँट, मंत्री, सगळे व्हाइट हाउससमोरच्या मांडवात उभे होते, शर्मन एकेकाशी हात मिळवत गेला आणि युद्धमंत्री स्टँटनने हात पुढे केल्यावर त्याने तो घेतलाच नाही. कारण असं की एप्रिलमध्ये शर्मनने दक्षिणेच्या जनरल जॉन्स्टनला शरणागतीच्या फार सैल अटी दिल्या होत्या, सरकारने त्या फेटाळल्या, ते ठीकच झालं म्हणेन मी, पण स्टँटनने त्याला पेपरात उघडं पाडलं, तो गद्दार असल्यासारखं चित्र उभं राहिलं, आणि ते शर्मनला झोंबलं होतं. म्हणजे जिंकलेल्या बाजूच्या आतही सगळं गोड नव्हतं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर विचाराल तर, मिरवणूक कशी काढवते यापेक्षा मला हे बघावंसं वाटतं की काढल्यावर त्यात कुणाला घेतात आणि कुणाला वगळतात, कारण घरातलं भांडण मिटल्यावर पंगतीत कोण बसलं यावरून खरं मिटलं की नाही ते कळतं. त्यावर पुढच्या पत्रात येतो.

प्रश्न: दक्षिणेचे हरलेले सैनिक पण त्या परेडमध्ये चालवले का, कैदी म्हणून? जुन्या रोममध्ये तसं करायचे असं वाचलंय. (वाचक, सांगली)

नाही, अजिबात नाही, आणि याचं श्रेय ग्रँटला द्यायला हवं. लीच्या सैनिकांना त्याने पुन्हा शस्त्र उचलणार नाही एवढ्या शब्दावर घरी सोडलं, ज्यांचे स्वतःचे घोडे होते त्यांना ते नेऊ दिले कारण पेरणीचे दिवस होते, उपाशी होते म्हणून शिधाही दिला, आणि आपल्या छावणीत विजयाच्या तोफा सुरू झाल्या त्या त्याने थांबवायला लावल्या. शत्रू म्हणून जे होते ते आता परत आपले झाले, त्यांच्या पडण्यावर नाचायचं नाही, असा त्याचा भाव. दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस मात्र १० मे ला पकडला गेला होता आणि कैदेत होता, पण त्यालाही कुणी रस्त्यावरून फिरवलं नाही.

एक गंमत वाटेल, मे २३-२४ ला परेड झाली तेव्हा युद्ध पूर्ण संपलेलंही नव्हतं. मिसिसिपीच्या पलीकडचं दक्षिणेचं सैन्य, टेक्ससकडचं, त्यानंतर शरण आलं, २ जूनला त्यांच्या जनरलने सही केली. म्हणूनच घोडदळाचा लाडका सेनापती शेरिडन परेडला हजर राहू शकला नाही, त्याला घाईने तिकडे धाडलं होतं.

प्रश्न: कस्टरचा घोडा उधळला ती गोष्ट खरी आहे का? (वाचक, नाशिक)

हो, खरी. कस्टर म्हणजे उत्तरेच्या घोडदळातला तरुण जनरल. गर्दीतून कुणीतरी हार की फुलं टाकली, घोडा बिथरला आणि मांडवापुढून सुसाट सुटला, कस्टरची टोपी उडाली, तलवार पडली, लांब सोनेरी केस उडताहेत आणि तो लगाम खेचतोय, असं बघणाऱ्यांनी लिहिलंय. काही जणांचं म्हणणं त्याने मुद्दामच केलं.

प्रश्न: मी सोलापूरला एमए करतो. आमच्या सरांनी सांगितलं की गुलामगिरी संपवण्यासाठी कृष्णवर्णीय सैनिकही लढले. मग ते या विजयी परेडमध्ये किती होते? मला कुठेच आकडा सापडला नाही. (विद्यार्थी, सोलापूर)

आकडा सापडला नाही कारण आकडा शून्य आहे. मित्रा, तुझं पत्र वाचलं तेव्हाच ठरवलं की सदराचा मोठा भाग याला द्यायचा.

उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक होते, त्यातले बरेच जण काल-परवापर्यंत गुलाम असलेले, मळ्यांवरून पळून आलेले. नौदलातले वेगळे. साधारण ४० हजार मेले. सुरुवातीला त्यांना घ्यायलाच तयार नव्हते, घेतल्यावर पगार कमी, गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि याला १०, वर त्यातले ३ कपड्याचे म्हणून कापायचे, हातात ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने मग पगारच घेतला नाही, वर्षभराहून जास्त काळ फुकट लढले, घरी बायकापोरं उपाशी आणि हे म्हणतायत पूर्ण द्या नाहीतर राहू द्या. त्याच पलटणीने जुलै १८६३ मध्ये फोर्ट वॅगनरवर चढाई केली. शेवटी जून १८६४ मध्ये काँग्रेसने कायदा करून पगार सारखा केला. ५४ वी पलटण म्हटलं की मला त्या चढाईपेक्षा तो न घेतलेला पगार आधी आठवतो.

बरं, मग परेडमध्ये का नव्हते? एक कारण अधिकृत आणि खरंही आहे. कृष्णवर्णीय पलटणींची २५ वी कोअर, म्हणजे अनेक पलटणींचा मोठा गट, जी दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली तेव्हा शहरात शिरणाऱ्यांत पुढे होती, तिला नेमकं त्याच सुमाराला टेक्ससला पाठवायचं ठरलं, मे अखेरीपासून व्हर्जिनियाच्या बंदरावरून जहाजं सुटली. उशिरा भरती झाल्यामुळे त्यांची मुदत संपायला अजून वेळ होता हाही मुद्दा. आणि शर्मनच्या सैन्यात तर कृष्णवर्णीय लढाऊ पलटणी नव्हत्याच, तो त्यांना लढायला घ्यायला पहिल्यापासून नाखूश. पण १ लाख ८० हजारातली एकही पलटण, एकसुद्धा, दोन दिवसांत दीड लाखाच्या आसपास माणसं चालवताना बसवता आली नाही हे माझ्या मनाला पटत नाही. बसवायची कुणाला निकड वाटली नाही एवढंच. अभ्यासकांत यावर दोन मतं आहेत, हे माझं मत.

आणि अजून एक गोष्ट, ती जास्त टोचते. कृष्णवर्णीय माणसं त्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी दिसली, पण कशी? शर्मनच्या तुकड्यांबरोबर कुदळ-फावडी खांद्यावर घेतलेले रस्ते करणारे मजूर म्हणून, आणि मागच्या गाढवं, खेचरं, बकऱ्या, कोंबड्यांच्या लवाजम्यात चालणारी, मळे सोडून सैन्याच्या मागे आलेली कुटुंबं म्हणून. लोक त्यांना बघून हसत होते, टाळ्या वाजवत होते, मौज म्हणून. ज्यांच्यासाठी आणि ज्यांच्यामुळे युद्ध जिंकलं ती माणसं मौजेच्या भागात. आणि वर तो फलक, कधीच न फिटणाऱ्या कर्जाचा.

पण इथे थांबलो तर तुझ्यावर अन्याय होईल कारण त्या लोकांनी स्वतःच्या मिरवणुका स्वतः काढल्या. वॉशिंग्टनच्या आधीच, मार्च १८६५ मध्ये, चार्ल्सटनला, जिथे युद्धाची पहिली तोफ डागली गेली त्या शहरात, हजारो मुक्त झालेल्या लोकांनी मिरवणूक काढली, सुतार, शिंपी, कोळी, शाळेची पोरं, आणि त्यात दोन गाड्या होत्या, एकीवर गुलामांच्या लिलावाचा देखावा आणि तिच्या मागे एक तिरडीची गाडी, तिच्यावर लिहिलेलं की गुलामी मेली. मग १ मे ला त्याच शहरातल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, जिथे उत्तरेचे २५७ कैदी सैनिक मरून एका खड्ड्यात पुरले होते, कृष्णवर्णीय मजुरांनी प्रत्येकाला वेगळी कबर खणून दिली, कुंपण घातलं आणि साधारण १० हजार लोक फुलं घेऊन आले, पुढे ३ हजार शाळकरी मुलं. गावाकडे कुणाचा बेवारस देह सापडला तर चार माणसं वर्गणी काढून रीतीने अग्नी देतात ना, मला ते आठवतं हे वाचताना.

आणि मग १४ नोव्हेंबर १८६५, हॅरिसबर्ग, पेन्सिल्वेनिया. वॉशिंग्टनला ज्यांना बोलावलं नाही त्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी तिथल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी वेगळी परेड भरवली. पुढे मार्शल म्हणून थॉमस मॉरिस चेस्टर, हॅरिसबर्गचाच मुलगा, फिलाडेल्फियाच्या एका दैनिकाचा युद्धवार्ताहर, असं काम करणारा मोठ्या दैनिकातला एकमेव कृष्णवर्णीय. रिचमंड पडल्यावर तो दक्षिणेच्या संसदेत जाऊन सभापतीच्या खुर्चीत बसून बातमी लिहीत होता अशी नोंद आहे. परेड लिंकनचा पहिला युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन याच्या घरापुढून गेली आणि त्याने ओसरीवर येऊन त्यांचे आभार मानले. डिसेंबरात तेरावी घटनादुरुस्ती झाली आणि गुलामी कायद्याने संपली.

आता तुझ्या अभ्यासासाठी एक धागा, आपल्याकडचा. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, निग्रो गुलामांना मुक्त करण्याच्या कामात त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी तसाच कित्ता शूद्रांच्या मुक्तीसाठी गिरवावा अशी आशा त्यात व्यक्त केली. म्हणजे पुण्यात बसून तो माणूस त्या युद्धाचा अर्थ नीट ओळखून होता. मी हे दर वेळी वाचतो तेव्हा भरून येतं. या अर्पणपत्रिकेवर आणि हॅरिसबर्गच्या परेडवर मिळून एक प्रकल्प कर, मार्गदर्शक मिळत नसेल तर कळव.

प्रश्न: माझे आजोबा म्हणायचे की अमेरिकेच्या युद्धाने मुंबई श्रीमंत झाली आणि त्याच युद्धाने बुडाली. परेडशी याचा काही संबंध? (वाचक, गिरगाव)

आजोबा बरोबर होते, आणि संबंध तारखांचा आहे. युद्धाच्या आधी इंग्लंडच्या गिरण्यांना बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जायचा, उत्तरेने दक्षिणेची बंदरं बंद केली आणि लँकेशायरने, म्हणजे इंग्लंडच्या गिरण्यांच्या मुलखाने, आपल्याकडे तोंड वळवलं. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला, मुंबईत गाद्या उसवून कापूस विकल्याच्या गोष्टी सांगतात. पैसा एवढा आला की करायचं काय कळेना, मग कंपन्याच कंपन्या, मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरचा बॅक बे नावाचा समुद्र भरून काढायची कंपनी, बँका, त्यांच्या शेअरवर सट्टा, आणि या सगळ्याच्या मध्यभागी व्यापारी प्रेमचंद रायचंद.

आणि मग ली शरण आला. वॉशिंग्टनमध्ये पलटणी फुलांच्या पावसातून चालत होत्या तेव्हा इथे कापसाचा भाव कोसळत होता. शांतता झाली म्हणजे अमेरिकन कापूस परत येणार. शेअरचे वायदे १ जुलै १८६५ ला पुरे व्हायचे होते आणि त्या दिवशी कुणाकडेच द्यायला पैसे नव्हते. परेडनंतर सव्वा महिन्याने. प्रेमचंद बुडाले, बॅक बेची कंपनी बुडाली, बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली. प्रेमचंद यांनी आईच्या नावाने देणगी दिलेला राजाबाई टॉवर तेवढा उभा राहिला, १८७८ मध्ये पुरा झाला, तुम्ही गिरगावातून फोर्टला जाताना बघत असालच.

पण मुंबईच्या शेठजींपेक्षा मला शेतकऱ्याचं जास्त वाटतं. तेजीत सावकाराने सढळ हाताने कर्ज दिलं, भाव पडल्यावर तोच सावकार दारात आला, वर सरकारने सारा वाढवला, आणि दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, पुढे नगर जिल्ह्यातही तेच. सगळं एका कारणाने झालं असं नाही, पण तो कापूस त्यातलं एक कारण नक्की होता.

अकोल्याच्या बाईंना शेवटी एक सांगायचं राहिलं.

पुढच्या वेळी मुलीकडे जाल तेव्हा नातवाला घेऊन मेट्रोच्या ग्रीन लाइनने यू स्ट्रीट स्टेशनला उतरा, १० व्या रस्त्याच्या बाजूचं दार घ्या, वर आलात की समोरच कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारक आहे, १९९८ सालचं. मागच्या वळणदार भिंतीवर पलटणीनुसार २ लाख ९ हजार १४५ नावं कोरलेली आहेत, त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचीही. दीडशे वर्षं झाल्यावर, मे २०१५ मध्ये, तिथल्याच संग्रहालयाच्या लोकांनी पुढाकार घेऊन जुन्या गणवेशातल्या कृष्णवर्णीय पलटणी पेन्सिल्वेनिया अ‍ॅव्हेन्यूवरून चालवल्या, ज्या रस्त्यावर तुम्ही नातवासोबत चाललात त्याच रस्त्यावरून. ५४ व्या मॅसॅच्युसेट्सचा फलक नातवाला शोधायला सांगा, आणि ७ डॉलरची गोष्ट त्याला तिथे उभं राहून सांगा.